भोकरपाड्याची शिरगणती

चुरी गुरुजींची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. वर ठळक अक्षरांत 'आपले गाव' असं लिहिलेलं आणि आत तीन भाग: इतिहास, भूगोल, लोकसंख्या. पहिले दोन भाग मी त्यांच्या शाळेत रुजू झाले तेव्हाच लिहून तयार होते. तिसऱ्या भागातलं एक पान मात्र कोरं राहिलं आणि त्या एका पानाने गुरुजींची शेवटची दहा वर्षं खाल्ली. मी ती वही अधूनमधून उघडते, त्या पानापर्यंत येते आणि मिटते.

मी पालघरची. शहात्तर साली बदली होऊन बोईसरच्या पलीकडच्या या गावात आले, तेव्हा माझं वय तेवीस आणि गुरुजींचं पंचेचाळीसच्या आसपास. पांढरा लेंगा, कोपराला ठिगळ लावलेला सदरा, डोक्यावर टोपी आणि सायकलच्या कॅरिअरला कायम बांधलेली एक पत्र्याची पेटी. पेटीत काय असतं, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. तर मोजपट्टी, दोरी, शाईची दौत आणि गेरूचा डबा. मास्तर आहेत की गवंडी, असं मला वाटलं आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. गुरुजी हसले नाहीत. ते सहसा हसतच नसत.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली की म्हणायचे, "नियम वाचा, बाई." मुलांच्या सुकडीचं पोतं उंदरांनी फोडलं, तरी नियम वाचा. बरं, वाचून पाहावं तर नियम त्यांच्याच बाजूने निघायचा. माझा या शब्दावर इतका राग होता की घरी आईला पत्र लिहिताना मी त्यांचा उल्लेख 'आमचे नियम' असाच करत असे.

पण ती वही वाचायला दिली त्यांनी, तेव्हा मी जरा नरमले. इतिहासाच्या भागात पहिलंच वाक्य होतं: 'या गावाला इतिहास नाही असे लोक म्हणतात, याचे कारण लिहिता येणारा कोणी येथे फार दिवस टिकला नाही.' मग शिलाहार, पोर्तुगीज, तारापूरचा किल्ला सगळं आटोपतं घेऊन पुढची वीस पानं गावातल्या विहिरींची. कोणती कुणी खोदली, कुणाला पाणी भरू देत, कुणाला देत नसत. भूगोलात पूर्वेचे डोंगर, पश्चिमेची खाडी, मधली भातखाचरं. त्यात अणुवीज केंद्र आलं, मग औद्योगिक वसाहत आली आणि गुरुजी दरवर्षी नवं चित्र काढून जुन्यावर चिकटवत गेले. नकाशाचं पान त्यामुळे भाकरीसारखं जाड झालं होतं. चिमणी उभी राहिली की ते सायकलवर जायचे, पावलं मोजायचे आणि तिची जागा नकाशावर टिंबाने दाखवायचे.

मोजणं हा त्यांचा धर्मच होता. एकाहत्तरच्या जनगणनेला ते नवापूरच्या शाळेत होते. किनाऱ्यावरच्या त्या गावात एका म्हाताऱ्या कोळणीने घरातली सगळी माणसं सांगितली, पण होडीवर गेलेले दोन मुलगे काही केल्या सांगेना. समुद्रावर गेलेल्या माणसाला मोजायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. दुसऱ्या कुणी शेजारणीला विचारून आकडा भरला असता आणि पुढचं दार गाठलं असतं. गुरुजी दोन दिवस शाळा सुटल्यावर वाळूत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी होडी लागली, मुलगे खाली उतरले, तेव्हा त्यांनी दोघांची नावं लिहिली आणि म्हातारीला वाचून दाखवली. तिने त्यांना सुक्या बोंबलांची जुडी दिली. गुरुजी शाकाहारी, तरी जुडी घरी आणली आणि काकूंची, म्हणजे बायकोची, बोलणी खाल्ली.

एक्याऐंशीला त्यांना आमचं गाव मिळालं. कुंभवलीच्या बाजूला तेव्हा कामगारांच्या खोल्या झाल्या होत्या, त्यातल्या चार-पाच खोल्या त्यांच्या वाट्याला आल्या. एका खोलीत तीन खाटा आणि माणसं नऊ. तीन पाळ्या, प्रत्येक खाटेवर पाळीपाळीने तिघं. गुरुजी सकाळी गेले, दुपारी गेले, संध्याकाळी गेले. शेवटच्या खेपेला झोपेतून उठलेला एक जण वैतागून म्हणाला, "मास्टरजी, फिर आ गए? खटिया गिन लो, हो गया." गुरुजींनी त्याला त्यांच्या मोडक्या हिंदीत समजावलं की खाटेला आई नसते, तुला आहे, तेव्हा तिने ठेवलेलं तुझं नाव सांग. त्याने सांगितलं. पुढचे काही आठवडे हा किस्सा ते शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत होते. एक्याऐंशीच्या होळीनंतर त्यांनी तो पुन्हा कधीच सांगितला नाही.

त्याचं कारण भोकरपाडा.

गावाच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, बावीस घरांचा आदिवासी पाडा. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, मागे पावसावर पिकणारी नाचणी-वरीची तुकडी. जमीन कुणाच्याच नावावर नाही. भात झोडून झालं की ही माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायची, वसईकडे, भिवंडीकडे. ती परतायची होळीला. होळी आपल्याच पाड्यावर लावायची, हा त्यांचा कायदा. शिरगणती असते फेब्रुवारीत आणि त्या वर्षी होळी आली मार्चच्या वीस तारखेला.

गुरुजी पाड्यावर तीनदा गेले. बावीसही दारं सुंभाने बांधलेली, वर काट्याची फांदी. नियम असा होता की मोजणीचा सगळा काळ जो माणूस घराबाहेर आहे, तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. गुरुजींनी नियम वाचला. बावीस घरांपुढे 'घर बंद' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद वेळेत तालुक्याला जमा केले. वेळेत जमा करणारे ते एकटेच, म्हणून त्यांचं कौतुकही झालं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी जान्या शाळेत आला. जान्या हा पाड्यातला कर्ता माणूस, गुरुजींपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, त्यांना फार मानणारा. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमची नावा लिवली ना?"

गुरुजी म्हणाले, तुमची भट्टीवर लिहिली असतील.

"तिकडं येक मास्तर आल्ता. त्यानी पुसला, तुमी कुठचं? आमी सांगला, भोकरपाड्याचं. तं तो म्हनला, मंग तुमाला तुमचा मास्तर तिकडंच लिवल. आमी म्हनला, आमचा मास्तर चुकनार नाय."

मी समोरच्या वर्गात होते. गुरुजी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. मग जान्याला म्हणाले, तू जा, मी बघतो. त्या दिवशी त्यांनी वर्गात काहीच शिकवलं नाही. संध्याकाळी सायकलला पेटी बांधताना ते मला, म्हणजे खरं तर कुणालाच नव्हे, म्हणत होते, "एक एसटी पकडायची होती. वसईची एक एसटी." होडीसाठी दोन दिवस वाळूत बसलेला माणूस तो. हे त्यांनाच सर्वांत जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी ते तालुक्याला गेले. कागद पुढे गेले होते. ते ठाण्याला गेले, तिथेही पुढे गेले होते. आपण एक दिवस उशीर केला असता तर, हे त्यांच्या डोक्यात बसलं. काकू मला सांगायच्या, जेवताना हात मध्येच थांबतो, मी विचारते काय झालं, तर म्हणतात काही नाही.

वहीतलं लोकसंख्येचं पान त्यांनी भरलं नाही. मुलांनाही भरू दिलं नाही. चौथीच्या मुलांना 'आपले गाव' या विषयावर माहिती पाठ करावी लागे. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी एका मुलीला गावाची लोकसंख्या विचारली. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "गुरुजी म्हणतात, अजून मोजून झाली नाही." साहेब आम्हा सगळ्यांकडे बघून हसले. गुरुजी ताठ उभे होते. साहेबांनी छापील आकडा सांगितला, तर म्हणाले, "तो चुकीचा आहे साहेब. मीच चुकवलाय." त्या वर्षीच्या शेऱ्यात 'वृत्ती हेकट' असं आलं आणि गुरुजींनी ते वाचून खाली सही केली.

पाड्यावर हातपंप मागितला, तर उत्तर आलं की तिथे लोकवस्ती नाही. अंगणवाडी मागितली, तेच उत्तर. प्रत्येक अर्ज गुरुजींच्या हातचा, वळणदार अक्षरातला, आणि प्रत्येक उत्तरात त्यांचीच नोंद उलटून आलेली. मी एकदा चिडून म्हटलं की गुरुजी, लोक दरोडे घालून सुखाने झोपतात, तुम्ही एक ओळ लिहिलीत. ते म्हणाले, "बावीस ओळी." मला तेव्हा त्यांचा कंटाळा आला होता, हे कबूल करते. एकाच दुःखाचं रोज रोज ऐकून घ्यायला माणूस कंटाळतो.

मग पाड्याची जागा एका गोदामासाठी आखली गेली. चुन्याच्या रेघा पडल्या, तारेचं कुंपण आलं. जमिनीचा कागद नव्हताच. माणसं इथे राहत आली, एवढाच पुरावा होता. सुनावणीला गुरुजी साक्षीला उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर गेले होते, त्यांची तब्येत बरी नव्हती म्हणून. त्यांनी बावीसही घरांतल्या माणसांची नावं वयासकट तोंडपाठ सांगितली. समोरच्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने फाइलमधला एक कागद काढला आणि टेबलावरून गुरुजींच्या पुढे सरकवला.

"ही सही तुमचीच ना, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा पुसला, सही नीट पाहिली. "होय. माझीच."

"मग मी कोणाचं खरं धरू? तेव्हाचं की आत्ताचं?"

गुरुजींनी कागद परत सरकवला आणि ते उठले. बाहेर जान्या आणि त्याची बायको लाडकी झाडाखाली बसली होती. गुरुजी त्यांच्यापुढून गेले, पण त्यांच्याकडे बघू शकले नाहीत. स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले. निरोपाच्या नारळाला हात लावला आणि तडक पाड्यावर गेले. सुनावणीचा निकाल पाड्याच्या विरुद्ध गेला, म्हणून त्यांनी वरच्या कचेरीत अर्ज केला होता. तिथल्या एका भल्या माणसाने सांगितलं होतं की येत्या शिरगणतीत पाड्याच्या नावावर घरं आणि घरांत माणसं दिसली, तर अर्ज उघडता येईल. नव्वद सालच्या उन्हाळ्यात घरांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. गुरुजी गेरूचा डबा धरून माझ्याबरोबर फिरले. भोकरपाड्याच्या बावीस दारांवर मी नंबर टाकले आणि त्यांनी प्रत्येक नंबर दोनदा तपासला.

दिवाळीनंतर एका सकाळी ते धापा टाकत माझ्या घरी आले. हातात नव्या वर्षाचं कॅलेंडर. त्यांनी ते माझ्या ओट्यावर पसरलं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं. होळी त्या दिवशीच होती, मोजणीच्याही शेवटच्या दिवशी. "येणार, बाई," ते म्हणाले, "होळीला येणारच. या खेपेला मोजणीला सगळे घरी." आणि ते हसले. पंधरा वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दात पडले होते ते तेव्हा कळलं.

जानेवारीत, पाडा भट्टीवर गेलेला असताना, घरं पाडली. आम्हाला कळलं तोवर जमीन सपाट झाली होती. कुड आणि गवत एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलं होतं. गुरुजींनी त्या ढिगातून दारं ओढून काढली. फळ्यांची साधी दारं, त्यावर माझ्या हातचे गेरूचे नंबर. बावीसपैकी एकोणीस सापडली. बैलगाडीतून ती घरी आणून त्यांनी अंगणात रचली आणि होळी जवळ आली तसे तिथेच खाट टाकून बसू लागले, कारण गावातली पोरं होळीसाठी लाकडं उचलून नेतात. काकू म्हणाल्या, अहो, दारं राखून काय करणार? ते म्हणाले, पुरावा आहे.

होळीच्या संध्याकाळी माणसं आली. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. कुंपणाच्या अलीकडच्या पट्टीत ती येऊन बसली, बोचकी पुढ्यात ठेवून. कुणी रडत नव्हतं. गुरुजींनी दारं गाडीतून तिथे आणली आणि नंबरवार जमिनीवर मांडली. मग मला म्हणाले, हे एक नंबर, जान्याचं. लिहा.

मी म्हटलं की गुरुजी, घराला छप्पर लागतं. नुसत्या दारावर मी घर कसं लिहू?

"बाई, नियम बाजूला ठेवा."

हे ते म्हणत होते. मी रडकुंडीला आले. मी म्हणाले की आता लिहिलं आणि उद्या कुणी येऊन बघितलं, तर पुन्हा कागदावर एक आणि जमिनीवर एक होईल. त्यांना मी बेघरांच्या यादीत लिहू शकते. त्यात माणसं येतील, पण त्या कागदावर फक्त गावाचं नाव असतं. पाड्याचं नाव येणार नाही.

गुरुजी हात जोडू लागले. मला, त्यांच्या मुलीच्या वयाच्या बाईला. मी त्यांचे हात धरले. आमचं हे जान्या ऐकत होता. तो उठला, त्याने एक नंबरचं दार उचललं आणि होळीसाठी रचलेल्या काटक्यांवर नेऊन ठेवलं.

"जान्या, अरे ते दार," गुरुजी म्हणाले.

"घर नाय, तं दाराचा काय करू, गुरुजी? होळीला लाकडा नाय."

एकेक जण उठला. लाडकीने चार नंबर नेलं, तिच्या सासूचं. गुरुजी कुणाला अडवू शकले नाहीत. अंधार पडताना होळी पेटली, एकोणीस दारांची. मी घरी निघाले तेव्हा ते तिथेच जमिनीवर बसलेले होते आणि काकूंना सांगा, मी येत नाही, एवढंच म्हणाले.

बेघरांची नोंद शेवटच्या रात्री करायची असते. रात्री जाणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पहाटे गेले. सूर्य डोंगरावर येत होता. राख अजून गरम होती आणि माणसं तिच्याभोवती पांघरुणं घेऊन बसली होती. मी प्रत्येकाजवळ जाऊन नाव विचारलं, वय विचारलं. जान्याने सांगितलं, लाडकीने सांगितलं, तिच्या कडेवरच्या नातीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, ते तिने तिथेच ठेवलं. सगळे लिहून झाले. तिकडे रस्त्यावर त्यांना परत न्यायला भट्टीचा ट्रक येऊन थांबला होता, पण अजून कुणी उठलं नव्हतं.

ओळीच्या शेवटी गुरुजी होते. अंगावर जान्याचं घोंगडं, टोपीवर राख. ते म्हणाले, "माझं नाव लिहा, बाई."

मी म्हटलं, तुमचं मी गेल्या आठवड्यातच लिहिलंय, तुमच्या घरी, काकूंच्या वर. तुम्हाला घर आहे, गुरुजी.

"यांनाही होतं." मग त्यांनी नेहमीच्या आवाजात, वर्गात सांगायचे तसं सांगितलं, "नियम वाचा. काल रात्री जो जिथे होता, तो तिथला. मी इथे होतो."

त्यांचे डोळे लाल झाले होते, धुराने की कशाने. मी खाली बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि जान्याच्या माणसांखाली त्यांचं नाव लिहिलं, वय एकोणसाठ, व्यवसाय निवृत्त शिक्षक. त्यांनी वाकून ओळ वाचली, अक्षर सुधारा म्हणाले आणि राखेकडे तोंड करून बसले. तसेच ते मला शेवटचे दिसले. त्यानंतर माझी बदली झाली आणि दीड वर्षाने त्यांच्या मरणाचं पत्र काकूंनी त्या वहीसोबत पाठवलं.

घरच्या यादीतून त्यांचं नाव मी खोडायला हवं होतं. तसा नियम आहे आणि तो मला त्यांनीच शिकवला होता. मी खोडलं नाही. दहा वर्षं जिथे बावीस घरांची माणसं कमी मोजली गेली होती, त्या गावात त्या वर्षी एक माणूस जास्त आहे.